स्वागताची शिकवणी

नवऱ्याच्या कंपनीने आमचं स्वागत करायचं ठरवलं आणि त्याची तयारी मात्र माझ्याकडून करून घ्यायला लागली. हे मला अजून पचलेलं नाही. स्वागत तुम्ही करणार ना? मग शनिवारी दुपारी जरा पडायचं सोडून वही-पेन घेऊन शिकवणीला मी का जायचं?

झालं असं की कंपनी जपानी, नवरा तिच्या सिंगापूरमधल्या तुआसच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्याचा विभाग बंद होणार होता. त्याच्यापुढे दोनच रस्ते ठेवले होते. जपानमधल्या मुख्य कारखान्यात जायचं, नाहीतर नोकरी सोडायची. नोकरी गेली की त्याचा इथे राहायचा पासही जाणार, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला सिंगापूरमध्ये दुसरी नोकरी कुणी ताटात वाढून देत नाही. मी नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संशोधन करते, माझा पास माझ्या नावावर आहे. त्यामुळे प्रश्न सरळ होता. सगळं गुंडाळून मी आणि लेक त्याच्यामागे जपानला जाणार की नाही? कंपनीला वर्ष संपायच्या आत उत्तर हवं होतं.

मला जायचं नव्हतं. कारण आम्ही तिथे एकदा राहून आलो होतो.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्याला त्याच कारखान्यात नेमलं होतं. छोटं गाव, समुद्राजवळ, दोन मजली स्वच्छ इमारती. घर शोधतानाच पहिला अनुभव आला. दलालाच्या ऑफिसातला मुलगा फोनवर घरमालकाशी बोलायचा, मग आमच्याकडे वळून दात-ओठ आवळून श्वास आत ओढायचा आणि कमरेत वाकायचा. परदेशी लोक जमणार नाहीत म्हणे. तो इतका ओशाळायचा की आम्हीच त्याची समजूत काढायचो. मला त्यात नवं काही वाटलं नाही. पुण्यात शिकायला होते तेव्हा आडनाव सांगितलं की रिकामी खोली कालच गेलेली असायची. इथे सिंगापूरला आलो तेव्हा एजंट फोनवर विचारायचा, "इंडियन? हेवी कुकिंग करता?" गाव बदलतं, विचारायची रीत बदलते. मला आता त्या प्रश्नांचा रागही येत नाही, नुसता कंटाळा येतो.

शेवटी कंपनीने मध्ये पडून घर मिळवून दिलं. राहायला गेलो त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा आली. आमच्या घरी त्या दिवशी खीर होतेच. शेजारी एक म्हाताऱ्या आजी एकट्या राहायच्या. म्हटलं, हे लोकही बुद्धाचे, आपणही बुद्धाचे, याहून चांगला मुहूर्त कुठला! स्टीलच्या डब्यात खीर भरली, वर काजू-बदाम घातले आणि त्यांची बेल वाजवली. मोडक्यातोडक्या जपानीत सण सांगितला. आजी गोंधळल्या, कारण त्यांच्याकडे बुद्धाचा वाढदिवस कधीच होऊन गेलेला. पण दोन्ही हातांनी डबा घेतला, खूप वेळा वाकल्या. मी हवेत तरंगतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. लखलखीत घासलेला, आत तांदळाच्या खारट चकत्या, सुंदर कागदात बांधलेल्या. आता आपल्याकडे काय असतं, शेजारणीकडून काही आलं की तिचं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. इथे तर डबा माझाच होता, पण तो ज्या बांबूच्या तबकात ठेवून आणला होता ते त्यांचं. मी त्यात शंकरपाळे घालून नेऊन दिलं. दोन दिवसांनी दारात कागदात गुंडाळलेली पेअर, एकेक नारळाएवढी. मी बेसनाचे लाडू दिले. त्यांनी मोठ्या दुकानाच्या पिशवीतून केक आणला. मी खोबऱ्याच्या वड्या केल्या. बाई गं, मला काय आनंद झाला होता! फोनवर आईला सांगत होते, इथली माणसं बघ किती प्रेमळ, एक आठवडा रिकामा जाऊ देत नाहीत. आई म्हणाली, तूही मागे राहू नकोस. मी कसली मागे राहतेय!

आणि मग एका सकाळी इमारतीची देखरेख करणारे गृहस्थ आले. दारातच टोपी काढली, खाली बघत म्हणाले की शेजारच्या बाईंना अडचण होते आहे, यापुढे कृपया काही देऊ नये. एवढंच. पुन्हा वाकले आणि गेले. माझ्या हातात पिठाची परात होती. अडचण? माझ्या लाडवांची? पलीकडची भिंत एका विटेची, आजी आत होत्या, मला त्यांचा टीव्ही ऐकू येत होता. दहा पावलांवर येऊन मला सांगता आलं नसतं?

त्यानंतर आजी जिन्यात भेटल्या की हसायच्या, हवेबद्दल बोलायच्या, आणि वर निघून जायच्या. मग लेक झाली. मी दिवसभर बाळाला घेऊन एकटी. एरवी कुणी वाईट वागलं नाही, हीच तर पंचाईत होती. छत्री विसरले तर दुकानदार पळत आणून द्यायचा. दवाखान्यातल्या नर्सने माझे पाय चेपले होते. पण आमच्याकडे कुणी येत नव्हतं, आणि आम्हाला कुणी बोलवत नव्हतं. संध्याकाळी नवरा आला की मी त्याच्यावर तोंडसुख घ्यायचे, कारण दिवसभरात बोलायला मिळालेलं ते पहिलं माणूस. तिथून निघालो त्या दिवशी मी विमानात शपथ घेतली, परत नाही.

म्हणून आता कंपनीने परत बोलावलं तेव्हा माझं डोकं उठलं. यावेळी म्हणे सगळं वेगळं आहे. तिकडे माणसं कमी पडताहेत, परदेशी लोक यायला हवेत, आले तर टिकायला हवेत, म्हणून मुख्य ऑफिसने एक स्वागत समिती नेमली आहे. आणि त्या समितीच्या डोक्यातून ही शिकवणी निघाली. इथल्या साहेबांच्या बायकोने मला तिकडच्या राहणीसाठी तयार करायचं.

"तुला जायचं की नाही ते बोल ना एकदा," मी नवऱ्याला म्हणायचे.

"बघू," तो म्हणायचा. "तू म्हणशील तसं."

पण रात्री जेवल्यावर जुनी जपानी पुस्तकं काढून बसायचा. त्याला जायचंय हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्याला तिथे कामात मान होता, असं तोच सांगायचा. मग माझी चिडचिड व्हायची. स्वतः मूग गिळून बसायचं आणि ठरवायचं बायकोने, म्हणजे उद्या काही झालं तर खापर फोडायला मी आहेच!

साहेबांची बायको, मी तिला मनातल्या मनात बाई म्हणायचे, पन्नाशीची, बारीक, मान ताठ. सिंगापूरमध्ये तिची बरीच वर्षं गेलेली. तिच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर शनिवारी आमची बैठक. कचऱ्याचे प्रकार, कुठल्या दिवशी कुठला. बाळ रडलं तर शेजाऱ्यांकडे आधीच जाऊन माफी मागायची. म्हटलं, माझं बाळ आता दहा वर्षांचं आहे, ते रडत नाही, उलट उत्तरं देतं. बाई हसली नाही, तिने लिहून घेतलं. घरात बूट कुठे काढायचे हे तिने दाखवायला घेतलं तेव्हा मी चप्पल दाराबाहेर काढूनच आत आले होते, तरी बघून घेतलं. आमच्या इंग्रजीची दोघींची तऱ्हा वेगळी, पण भागत होतं.

एका शनिवारी विषय निघाला भेटवस्तूंचा. कुणी काही दिलं तर परत काहीतरी द्यावंच लागतं, बाई सांगत होती. साधारण निम्म्या मोलाचं. आणि घेणाऱ्यावर ओझं होईल असं कधी द्यायचं नाही. मी पेन खाली ठेवलं.

"आणि समोरच्याने त्या परतफेडीची पुन्हा परतफेड केली तर?"

"असं कुणी करत नाही," बाई म्हणाली.

"मी केलं."

मग सगळं सांगितलं. खीर, शंकरपाळे, पेअर, केक, टोपी काढून उभा राहिलेला तो माणूस. बाई ऐकता ऐकता हळूहळू चहाचा कप फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्या आजी दर वेळी बस पकडून शहरातल्या दुकानात जात असणार. तशी पेअर गावात मिळत नाही. त्यांना वाटत असेल, आता तरी थांबेल. आणि तुम्ही परत दारात."

हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. मी प्रेमाने लाडू वळतेय आणि तिकडे ती म्हातारी गुडघे धरत बसच्या रांगेत. पण दुसऱ्याच क्षणाला तिडीक डोक्यात गेली.

"मग मला सांगायचं ना त्यांनी! मी काय त्यांना खाल्लं असतं? एक वाक्य. 'बाळ, पुरे आता.' मी हसून थांबले असते."

"तसं तोंडावर सांगणं म्हणजे तुम्हाला दुखावणं," बाई म्हणाली.

"आणि तिसऱ्या माणसाला पाठवणं म्हणजे काय?"

तिने पुढचं पान उलटलं, पण त्या दिवशी शिकवणी पुढे काही सरकली नाही.

त्यानंतरच्या महिन्यात मुख्य ऑफिसची समिती माझ्याशी व्हिडिओवर बोलणार असं ठरलं. मला लॅबमधून अर्धी रजा काढून तुआसला जावं लागलं. मीटिंगच्या खोलीत मी, नवरा, आणि दुभाषी म्हणून बाई. पडद्यावर चार पुरुष, सगळे नम्र, सगळे गंभीर. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्याने विचारलं, तुम्हाला आमच्या गावात आपलंसं वाटावं म्हणून आम्ही काय करावं?

नवऱ्याने आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, "फार काही बोलू नकोस. घर चांगलं हवं आणि शाळा जवळ हवी, बस." पण तो प्रश्न ऐकला आणि माझ्याने राहवलं नाही. विचारलंय तर सांगते. मी इंग्रजीत म्हणाले, "मला फक्त एकच हवं आहे. माझं काही चुकलं, माझ्या फोडणीचा वास आला, माझी मुलगी जोरात बोलली, तर ज्याला त्रास झाला त्याने स्वतः माझ्या दारात येऊन मला सांगावं. रागावून सांगितलं तरी चालेल. पण माझ्याकडे तिसऱ्या कुणाला पाठवू नये. तुम्ही लोकांना हे सांगू शकाल का?"

बाईने ऐकलं, मान हलवली, आणि पडद्याकडे बघून जपानीत बोलली. मी तिथे उगाच वर्षं काढली नव्हती. माझं जपानी मोडकं आहे, पण कान शाबूत आहेत. बाई म्हणाली, "त्या म्हणतात की त्या तुमच्या चालीरीती मनापासून शिकतील, आणि काही चुकल्यास कृपया सांभाळून घ्यावं."

पडद्यावरचे चारी चेहरे खुलले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. तो टेबलाकडे बघायला लागला.

मी उठले नाही, ओरडले नाही. मी माझ्या मोडक्या जपानीत, कर्ता-कर्म जमेल तसं जोडत, तेच वाक्य पुन्हा म्हणाले. "मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं, दारात या, मला सांगा. दुसऱ्याला पाठवू नका." पडद्यावरच्या मोठ्या साहेबांनी श्वास आत ओढला, अगदी त्या दलालाच्या ऑफिसातल्या मुलाने ओढला होता तसा, आणि म्हणाले, सकारात्मक विचार करू. ते लोक विचार करू म्हणाले की झालं, ते काम होत नसतं. एवढं तर मला शिकवणीआधीपासून माहीत होतं.

नवऱ्याची शिफ्ट संपायची होती, म्हणून मी आणि बाई दोघीच एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, परत निघालो. दुपारची वेळ, डबा जवळपास रिकामा. बाई माझ्या शेजारी बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मी ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही हिच्याशी. तोंडावर खोटं बोलते! सांभाळून घ्यावं म्हणे. मी काय वाया गेलेलं लेकरू आहे?

बरीच स्टेशनं गेली. जुरोंगच्या पुढे माणसं चढली, उतरली. मग बाईच बोलली, माझ्याकडे न बघता.

"तुमचं वाक्य तसंच सांगितलं असतं तर त्यांना तुम्ही भांडखोर वाटला असता. मी तुम्हाला वाचवत होते."

"मला वाचवू नका हो," मी म्हटलं. "सगळे मला वाचवतातच. मला नुसतं खरं काय ते सांगा. मी दमले आहे."

मला वाटलं, संपलं, आता पुन्हा हवापाणी. पण मग तिने मान वळवली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मग सांगते. येऊ नका."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"जपानला येऊ नका. तुम्ही कितीही शिकलात तरी त्याने काही होणार नाही. शिकायचं तर आमच्या लोकांनी आहे. शिकतील ते, माझा विश्वास आहे, पण वेळ लागेल. तोवर तुमची मुलगी मोठी होऊन जाईल. दर शनिवारी तुम्हाला कचरा शिकवताना मला लाज वाटायची." तिचा आवाज चिरकला. "मला स्वतःलाच परत जायची भीती वाटते. यांची बदली झाली की मला जावंच लागेल. तुम्हाला 'नाही' म्हणता येतंय, तर म्हणा."

त्या देशातल्या माणसाने मला तोंडावर काही सांगायची ही पहिलीच वेळ, आणि सांगितलं काय, तर येऊ नका. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, इतकं बरं वाटलं की मला रडू आलं. बाईने पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं, एक मला दिला, एक स्वतः घेतला. समोर बसलेला एक गृहस्थ घाईघाईने मोबाइलमध्ये बघायला लागला. माझं स्टेशन आलं तेव्हा मी तिचा हात दाबला आणि उतरले.

संध्याकाळी स्वयंपाक करायचं जिवावर आलं. नवरा आला तसे आम्ही तिघं खालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर, गेलो. लेकीला नूडल्स, आम्हाला भात आणि भाजी. मी सगळं तयार करून ठेवलं होतं मनात. त्याला आता सांगायचं, मी येणार नाही, तुला जायचं तर जा, मी आणि लेक इथे राहू, आणि हे सांगताना रडायचं नाही. मग तो भांडणार, मग मी भांडणार, मग बघू.

"त्या बाईने मला येऊ नका म्हणून सांगितलं," मी म्हटलं. "आणि मी नाही येणार. तू काय करायचं ते तू बघ."

तो भाताकडे बघत होता. चमच्याने भाताचा ढीग सारखा करत होता. मग म्हणाला, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"मलाही नाही जायचं गं."

तो हळूहळू बोलायला लागला, तोंडातल्या तोंडात, मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. तिथे असताना पहिल्या महिन्यात तो कॅन्टीनमध्ये माझा डबा उघडून बसायचा. एके दिवशी त्याच्या टेबलाशेजारी कुणीतरी सुगंधी फवाऱ्याची बाटली आणून ठेवली. कोणी काही म्हणालं नाही. सगळे नेहमीसारखे हसले, बोलले. दुसऱ्या दिवसापासून तो पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून जेवायला लागला. काचा वर करून. थंडीत, बर्फात, तिथे होतो तोवर. मी पहाटे उठून त्याला रोज ताजी पोळी-भाजी देत होते आणि संध्याकाळी विचारत होते, सगळ्यांना आवडली का? तो म्हणायचा, हो, विचारत होते कसं करतात.

"मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज नको तेवढा चढला.

"तू आधीच रडत असायचीस."

"ते जाऊ दे. आता का नाही बोललास? एवढे महिने! मी शिकवणीला जातेय, तू पुस्तकं काढून बसतोयस..."

"वाटलं तू नाही म्हणशील," तो म्हणाला. "मग मला म्हणावं लागलं नसतं. साहेबांना सांगता आलं असतं, मी तर तयारी करत होतो, बायको तयार नाही."

म्हणजे मी दुपारी त्या चार साहेबांना ठणकावून जे सांगून आले, ते माझ्याच घरात इतकी वर्षं चाललं होतं. आणि त्या देखरेखवाल्याची टोपी घालून साहेबांच्या दारात जाऊन उभं राहायचं होतं मी. मला त्याला खूप काही बोलायचं होतं. त्याला झोडपायचं होतं, आणि त्या गाडीत काचा वर करून बसलेल्या त्याच्याजवळ जाऊनही बसायचं होतं. पण अंगात त्राणच उरलं नव्हतं. मी नुसती त्याच्या ताटात माझी भाजी वाढली.

लेक नूडल्स खायचं थांबवून आमच्याकडे बघत होती. "सो वुई नॉट गोइंग, इज इट?" तिने मला विचारलं.

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं.

"बाबाला विचार," मी म्हटलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं. मी पाण्याच्या ग्लासात बघत बसले. मग तो म्हणाला, "नाही जायचं. मला नाही जायचं." जरा मोठ्यानेच म्हणाला, शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजोबांनी मान वर करून पाहिलं.